इंझोरीची गादी

"हिच्यावरच गेली थे," मारोतराव म्हणाले आणि ऑटोतून उतरवलेल्या गादीवर त्यांनी हात ठेवला, जसा म्हशीच्या पाठीवर ठेवतात.

अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत उभ्या असलेल्या खालिदला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. धोतराचा काठ, धुळीने भरलेल्या चपला आणि शेजारी अब्बांचे अनवाणी पाय, एवढंच दिसत होतं. पण शब्द नीट ऐकू आले. कारंजात सकाळी अकरापर्यंत किराणा आणि भाजी तेवढी उघडी असायची; गाद्यांच्या दुकानाला परवानगी नव्हती. अब्बा शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून आत बसत आणि कोणी आलंच तर वाकून बाहेर जात. महिनाभरात कोणी आलं नव्हतं. आले ते मारोतराव, थेट इंझोरीहून, बायको ज्या गादीवर मेली ती गादी घेऊन.

"कोरोनाच होता का रंगूबाईले?" अब्बा विचारत होते.

"होता. लोकायनं म्हटलं दवाखान्यात न्या, पण तिनं घर सोडलंच नाई. अकरा दिवस हिच्यावर. सव्वा महिना झाला आता. उन्हात टाकून ठेवली होती आठ दिवस. कापूस पिंजून त्याच्यातूनच पोरीसाठी एक बारकी गादी भरून द्या. मंजुषासाठी. थे मायजवळच निजे. आता निजतच नाई. बोलत नाई, रडत नाई. तुमच्या इथल्याच कालेजात हाये, बीएस्सीले. मोबाइल समोर धरून बसते दिवसभर, मले वाटे क्लास हाये. म्या मांगून जाऊन पाह्यलं. मोबाइल बंदच होता."

खालिद आत एक पाऊल मागे सरला. आपल्यालाच कोणीतरी बाहेर, उन्हात, नाव घेऊन उभं केलंय असं त्याला वाटलं.

कारण डिसेंबरपासून त्याचाही मोबाइल बंदच होता. रोज दहा वाजता तो मागच्या कोठीत जाई, दार लोटून घेई, कानात इअरफोन घाली आणि मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा करी. घरात सगळ्यांचे आवाज आपोआप उतरत. अम्मी भांडी हळू ठेवी, धाकटी अनम टाचा उचलून चाले, अब्बा पिंजायची मशीन दहाच्या आत चालवून घेत, पोराला इंजिनिअरिंगचं लेक्चर ऐकू यावं म्हणून. आणि खालिद काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत दोन वाजेपर्यंत बसून राही. सुरुवातीला त्याने एकच दिवस क्लास चुकवला होता. मग दुसरा, पहिल्याचं काय सांगायचं ते सुचेना म्हणून. मग परीक्षा आली, ती ऑनलाइन होती, आणि पेपर सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी त्याचे हात इतके कापायला लागले की पासवर्ड तीनदा चुकला. त्याने मोबाइल पालथा घातला. बाहेर आल्यावर अम्मीने विचारलं, कैसा गया, आणि तो म्हणाला, अच्छा. त्या एका शब्दावर त्याचे पुढचे चार महिने तोलून उभे होते.

तसं पाहिलं तर हे सगळं त्याच्याही आधी, एका फोटोपासून सुरू झालं होतं. मागच्या मार्चमध्ये अमरावतीच्या होस्टेलवरून तो पंधरा दिवसांचे कपडे घेऊन निघाला होता. बादली, पुस्तकं, खुंटीवरचं स्वेटर आणि अब्बांनी त्याच्यासाठी खास भरलेली हिरव्या पट्ट्यांची गादी, सगळं खोलीतच राहिलं. ती गादी अब्बांनी स्वतः एसटीच्या टपावर चढवली होती. कंडक्टर हसला, तर म्हणाले होते, पोरगं परक्या गावात हाये, निदान पाठ त आपल्या घरच्या कापसाले लागली पाह्यजे. मग होस्टेल सरकारने घेतलं, तिथे कोविड सेंटर झालं, आणि सप्टेंबरात कोणीतरी वर्गाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ओळखा कोणाची रूम. खिडकीला त्यानेच चिकटवलेलं वेळापत्रक होतं. पलंगावर हिरव्या पट्ट्यांची गादी होती. आणि गादीवर एक म्हातारा होता, नाकातोंडावर मास्क, डोळे उघडे, फोटो काढणाऱ्याकडे बघणारे. पोरांनी हसण्याची चिन्हं पाठवली. खालिदने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, इतका मोठा की म्हाताऱ्याची बोटं दिसली. ती गादीच्या काठाला धरून होती, जिथे अब्बांचे टाके होते. त्या रात्रीपासून झोपताना त्याला वाटे की म्हाताऱ्याचा श्वास आपण घेतोय, किंवा आपला तो. त्याने एक ऑक्सिमीटर आणवला. बोटाला लावायचा, आकडा बघायचा. सत्त्याण्णव. पाच मिनिटांनी पुन्हा. शहाण्णव. आकडा एकाने उतरला की छातीत धडधड सुरू होई, आणि मग खालचा दुसरा आकडा, नाडीचा, एकशे वीसवर जाई. तो बघून धडधड आणखी वाढे.

बाहेर अब्बा गादीचा काठ चाचपत होते. "हा टाका माझा हाये, मारोतराव."

"तुमचाच. मंजुषाच्या बारशाच्या साली भरली होती. आमच्या वावरातला कापूस."

"गुरुवारी न्या," अब्बा म्हणाले.

मारोतरावांचा ऑटो गेला तसा खालिद पुढे झाला. "अब्बा, ही ठेवू नका. परत पाठवा त्यायले."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुमी ऐकलं ना? मशीनमध्ये टाकली का सगळा कापूस उडते घरभर. अम्मीले दमा हाये."

"सव्वा महिना झाला, बेटा. कापसात काय राह्यते एवढे दिवस?"

"तुमाले काय माहीत काय राह्यते?"

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं. ते घरातही वऱ्हाडीच बोलत. दुकानातली जीभ उंबरठ्याआत आल्यावरही बदलत नसे. "मले नाई माहीत," ते शांतपणे म्हणाले. "तू शिकला हाये. तुह्या पुस्तकात असन त दाखव. पण त्या माणसाले मी जबान देल्ली." मग ते वाकले आणि त्यांनी गादी एकट्याने उचलून आत नेली. रमजान चालू होता, तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. दुकानात जागा नव्हती म्हणून गादी मागच्या कोठीत गेली. खालिद जिथे क्लासला बसे, त्याच्या समोरच्या भिंतीला त्यांनी ती उभी केली.

शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस तो आणि गादी समोरासमोर बसले; रविवारी जादा लेक्चर असल्याचं त्याने सांगितलं. तिच्या खोळीवर फिकट जांभळी फुलं होती आणि मधोमध, माणसाच्या लांबीएवढा, एक खोलगट भाग. उभी केली तरी तो खोलगटपणा गेला नव्हता. खालिदला आधी फक्त तिच्यातला रोग दिसत होता. मग हळूहळू बाई दिसायला लागली, जिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. आणि तिच्या पलीकडे एक पोरगी, डोळे उघडे ठेवून. ती पोरगी काय बघत बसत असेल? तिच्या काळ्या काचेत तिला काय दिसत असेल? मारोतरावांनी मागून जाऊन पाहिलं होतं. अब्बा कधी मागून आले तर? दाराची कडी तो दर दहा मिनिटांनी बघे. बोटाला ऑक्सिमीटर, कडी, गादी; पुन्हा बोट. शेजारी कोणी खोकलं की तो श्वास धरून पुढच्या खोकल्याची वाट बघत राही. सोमवारी अम्मी कोठीत तांदूळ घ्यायला आली आणि जाता जाता तिचा पदर गादीला घासला. पदर सावरून तिने तोंड पुसलं. खालिदला ओरडावंसं वाटलं, पण इअरफोन कानात होते आणि तो क्लासमध्ये होता.

बुधवारी सकाळी अब्बा गादी उसवणार होते. मंगळवारी दुपारी दोन वाजता खालिद उठला.

रोज्याच्या दिवसांत दुपारी सगळं घर झोपे. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. त्याने दोन मास्क लावले, हातात प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि गादी मागच्या दाराने ओढत परसातल्या मोकळ्या जागेत नेली. ती वाटली त्यापेक्षा जड होती, ओढताना सारखी दुमडत होती, जणू यायला तयार नव्हती. जुन्या पेपरांचे बोळे त्याने खाली सारले आणि काडी ओढली. खोळीने लगेच पेट घेतला. जांभळी फुलं आकसून काळी झाली आणि एक मिनिट, पुरतं एक मिनिट, त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. संपलं, असं त्याला वाटलं. मग जाळ विझला.

तीन पिढ्या कापसात गेलेल्या घरातला पोरगा, आणि तो हे विसरला होता की दाबून भरलेला कापूस पेटत नाही, धुमसतो. एक लाल रेघ काठावरून आत आत जात होती, मुंगीच्या चालीने, आणि तिच्यामागे धूर उठत होता. जाड, पिवळट, खाली बसणारा. वारा घराकडे होता. खालिदने पायाने माती लोटली, धूर वाढला. त्याने काठीने गादी पालथी केली, लाल रेघ आणखी आत गेली. आणि मग त्याने मागच्या दारातून तो आवाज ऐकला जो ऐकू येऊ नये म्हणून हे सगळं केलं होतं.

अम्मी दाराची चौकट धरून उभी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि आत हवा जात नव्हती. बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. "सरवरी!" अब्बा आतून धावत आले, तिला धरून पुढच्या खोलीत नेलं, अनमला मागचं दार लावून पंप आणायला सांगितलं. खालिद त्यांच्या मागोमाग गेला. पिशव्या बांधलेल्याच हातांनी त्याने खिशातून ऑक्सिमीटर काढला आणि तिच्या बोटाला लावला. एक्क्याण्णव. अम्मीने एकदा पंप ओढला. नव्वद. दुसऱ्यांदा ओढला. अब्बा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, हळू, हळू, घाई नाई. नव्वद. खालिद त्या आकड्यासमोर गुडघ्यांवर बसला होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या मनात स्वतःच्या श्वासाचा विचार नव्हता. ब्याण्णव. अम्मीचे ओठ हलले. चौऱ्याण्णव व्हायला पाऊण तास लागला. मग तिने बोट सोडवून घेतलं आणि त्याच हाताने त्याच्या कपाळावरची काजळी पुसली. काय केलं ते तिने विचारलं नाही. तिच्या अंगात बोलण्याएवढी ताकदच नव्हती.

अब्बा परसात गेले तेव्हा गादी अजून धुमसत होती. त्यांनी हौदातून बादल्या भरभरून ओतल्या. मग ओली, काळी, वाफाळणारी गादी समोर घेऊन उन्हात बसले, पात्याने उसवली आणि हात आत घातला. जळका कापूस ते मुठी मुठीने बाजूला टाकत होते. बोटं भाजली तसा हात झटकत आणि पुन्हा घालत. खालिद दारात उभा होता. त्यांनी शिव्या द्याव्यात, मारावं, काहीही करावं असं त्याला वाटत होतं. अगदी मधला, तळहातभर जाडीचा थर तेवढा पांढरा निघाला. तो त्यांनी खाटेवर पसरला. कसाबसा एका उशीपुरता होता.

"गुरुवारी मारोतरावले तू सांगजो," ते म्हणाले. त्यापुढे दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत.

सांगायचं वाक्य खालिदने बुधवारभर तयार केलं. बांधून पाहिलं, सोडून पाहिलं. संसर्गाच्या भीतीने. आईच्या तब्येतीमुळे. चुकून ठिणगी उडाली. ठिणगीचं वाक्य सगळ्यात सोपं होतं आणि अब्बांनी ते ऐकून घेतलं असतं, काही न बोलता, मान खाली घालून. त्यांनी मान खाली घातलेली त्याला दिसली. आणि त्याच्या लक्षात आलं की 'अच्छा' म्हटलं तेव्हाही सगळं असंच सोपं होतं.

गुरुवारी मारोतराव एकटे आले नाहीत. त्यांच्यामागे ओढणीने तोंड बांधलेली, हडकलेली पोरगी वाकून शटरच्या आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती कशाकडेच बघत नव्हती. मारोतरावांनी दुकानभर नजर फिरवली. "झाली का, उस्मानभाई?"

अब्बांनी खालिदकडे पाहिलं.

"मी जाळली," खालिद म्हणाला. तयार केलेलं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. "मले भेव वाटलं. मी मंगळवारी मांगं नेऊन जाळली. अब्बाले माहीत नव्हतं. थोडाकच कापूस वाचला."

मारोतरावांना कळायला वेळ लागला. ते अब्बांकडे, मग खालिदकडे, मग पुन्हा अब्बांकडे बघत राहिले. बोलली ती मंजुषा. आवाज आधी फुटलाच नाही, नुसता घोगरा वारा आला. तिने ओढणी खाली ओढली.

"जाळली?"

"हो."

"कोनं सांगतलं तुले?" आता आवाज आला, आणि तो इतका मोठा होता की शटर घुमलं. "तुही होती का थे? तुले भेव वाटलं! मी अकरा दिवस तिच्याजवळ निजली, मले नाई वाटलं भेव, अन् तुले वाटलं? खोळ कुठी हाये? खोळ?"

"थे... थे पह्यले जळाली."

"तिच्या तेलाचा वास होता त्याले! डोकं ठेवे तिथं. मी बाबाले म्हणणार होती का खोळ मले काढून ठेवा, कापूस न्या पण खोळ ठेवा. ऑटोत टाकताना म्हणणार होती. तोंडातून शब्दच नाई निघाला. मी पाहात राह्यली अन् यायनं नेली." तिने भिंतीवर हात आपटला. "नालायका! आता कुठून आणू थो वास? सांग ना! कुठून आणू?" ती खाली बसली आणि रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून, नाक न पुसता.

अब्बा तिच्याकडे जायला निघाले. मारोतरावांनी त्यांचा दंड धरला. त्यांचे स्वतःचे गाल भिजले होते. "राहू द्या, उस्मानभाई," ते हलकेच म्हणाले. "बोलू द्या तिले. सव्वा महिन्यानं आवाज ऐकून राह्यलो मी."

खालिद जागचा हलला नाही. ती त्याला बोलत होती तो प्रत्येक शब्द त्याच्यावर येऊन पडत होता आणि तो पडू देत होता. त्याच्या लक्षात आलं की आपली छाती धडधडत नाहीये. लाज होती, जड, ओली, खरी. पण गेले सात महिने ज्या गोष्टीला तो घाबरत होता तिला चेहरा नव्हता, आणि या लाजेला होता.

बऱ्याच वेळाने मंजुषाने ओढणीने तोंड पुसलं. "वाचला थो कापूस द्या," ती म्हणाली.

"उशी करून देतो, बेटी," अब्बा म्हणाले. "तू घरी जा. उद्या मी सोता घेऊन येतो इंझोरीले."

"नाई. मी इथंच बसते. याच्यावर माहा भरोसा नाई."

मारोतराव बाहेर ऑटोवाल्याला थांबवायला गेले. ती मशीनच्या बाजूच्या पायरीवर गुडघ्यांना मिठी घालून बसली. अब्बांनी तो पांढरा कापूस आणला आणि बटण दाबलं. पट्टा खडखडला, दुकान थरथरायला लागलं, दुसऱ्या तोंडातून फेसासारखा कापूस बाहेर येऊ लागला. दहा वाजून गेले होते. अब्बांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच ते त्याच्याशी बोलले. "जाय. तुहा क्लास सुरू झाला असन. पाच मिन्टात बंद करतो मशीन."

मशीनचा आवाज कान भरून होता. कदाचित म्हणूनच ते त्याच्या तोंडून निघालं. "अब्बा, मी डिसेंबरपासून क्लासले बसलोच नाई. परीक्षाबी देल्ली नाई."

अब्बा कापूस सारत राहिले. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. खालिदने मान वळवली तेव्हा पायरीवरून मंजुषा त्याच्याकडे बघत होती, लाल, सुजलेल्या डोळ्यांनी. तिला ऐकू गेलं होतं.

"मले ऐकू आलं," ती म्हणाली. "पण मले सांगून काय फायदा?"

अब्बांनी दोघांकडे पाहिलं आणि बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. दुकानात इतकी शांतता झाली की हवेतला कापूस खाली बसताना दिसत होता. "काय म्हणला तू?"

"काही नाही" हे शब्द जिभेच्या टोकावर होते. खालिदने ते तिथे जाणवून घेतले. मग तो सगळं पुन्हा बोलला, यावेळी हळू, डिसेंबर, पासवर्ड, पालथा मोबाइल, कोठीत बसून राहणं. होस्टेलमधला म्हातारा. झोप. सकाळी डोळे उघडले की उघडलेच कशाला असं वाटतं तेही, जे त्याने स्वतःशीसुद्धा कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. अब्बा स्टुलावर बसले होते. त्यांच्या भुवयांवर, दाढीत कापूस चिकटला होता. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "अन् आमी मशीन बंद ठेवत होतो, तवा?" खालिद म्हणाला, "तवाबी बसूनच होतो." त्यांनी डोळे मिटले. त्यांना कुठे लागलं ते त्याला दिसलं. तरी तो थांबला नाही.

बोलणं संपलं तेव्हा घसा कोरडा पडून दुखत होता. अब्बा उठले. त्यांनी शटर पूर्ण खाली ओढलं नाही, मंजुषा तिथे होती. आतल्या दाराशी जाऊन ते वळले.

"सोमवारी वाशीमले जाऊ," ते म्हणाले. "सरकारी दवाखान्यात याचा डाक्टर असते म्हणे. मी संग येतो." मग आत गेले. माठाच्या झाकणाचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता.

"रोजा हाये, अब्बा."

"बीमार माणसाले माफ असते," अब्बा म्हणाले. "पी."

खालिदने पेला घेतला. कधीपासून तो या शब्दाला भीत होता, बीमार, आणि अब्बांनी तो असा म्हटला होता जसं ऊन झालंय म्हणावं. ते समोर उभे होते, स्वतःचे ओठ कोरडे, भाजलेल्या बोटांना फडकं बांधलेलं, आणि तो पिईपर्यंत हलणार नव्हते. पायरीवरची पोरगी आता दुसरीकडे बघत होती. त्याने पेला तोंडाला लावला आणि तो सगळं पाणी प्यायला.